वाफ्यातलं बोलणं

सकाळी वाफे भिजवून झाले, रोपाच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकून झाल्या, बांधावर तीन दगडांवर चहाचं पातेलं चढलं, उतरलं आणि निवूनही गेलं, तरी एकही बाई आली नाही. तेव्हा अंजनाला कालच कळून चुकलेली गोष्ट मान्य करावी लागली. कोणी येणार नव्हतं.

डिंगोऱ्यात कांद्याची लागण सावडीनं होते. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी नाही, नुसता दिवसाला दिवस. काल मोठ्या जावेच्या, वैजयंतीच्या रानात लागण झाली. आज अंजनाची पाळी होती. उपटलेलं रोप उद्यापर्यंत तग धरेल, पुढे माना टाकेल. पण अंजनाचा जीव रोपासाठी कासावीस होत नव्हता. लागणीला काय, ओतूरहून मजुरांची टोळी आणता आली असती. ह्या बायका पुन्हा आपल्या शेजारी बसतील का, एवढाच तिचा प्रश्न होता.

कारण लागणीला बसायचं म्हणजे नुसते कांदे लावायचे नसतात. हात चिखलात, मान खाली आणि तोंड मोकळं. मान खाली असली की बाई जे बोलते ते सख्ख्या बहिणीला समोर बसवूनही सांगत नाही. सासूनं काय केलं, नवऱ्यानं कुठं मारलं, कोणाच्या पोटी काय राहिलं आणि काय राहू दिलं नाही, सगळं त्या वाफ्यात निघतं आणि तिथंच गाडलं जातं. बांधापलीकडे न्यायचं नाही असं कोणी कोणाला बजावत नाही. बजावावं लागत नाही.

अंजनानं ते नेलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं.

तिला स्वतःचा संताप येत होता तो ह्याचा, की तिला त्याचा अभिमान वाटायचा. गावातल्या कुठल्या नवऱ्यानं बायकोला विचारलंय, आज दिवसभर काय काय झालं? संपत विचारायचा. ओतूरच्या खताच्या दुकानातून आला, हातपाय धुतले की तिच्याजवळ बसायचा आणि म्हणायचा, सांग. ती सांगायची. मग कोणती काय म्हणाली, कशी म्हणाली, हसून का रडून, असं तो खोदून खोदून विचारायचा, आणि अंजनाला वाटायचं, किती जीव आहे ह्या माणसाचा आपल्यावर. जीव कसला. माल गोळा करत होता. तिच्या दिवसाची संपत डिंगोरेकरच्या कविता व्हायच्या, त्या लेक तेजस्विनी मोबाइलवर शूट करून टाकायची, आणि खाली पुण्यामुंबईची माणसं हात जोडल्याची चित्रं टाकायची.

काल वैजयंतीच्या रानात मोबाइल अश्विनीचा होता. अश्विनी म्हणजे पलीकडच्या भिकाआण्णांची सून. उसाच्या कडेला ओणवं बसायचं तर मोबाइल मोठ्यानं लावून ठेवतात, म्हणजे माणसांची चाहूल राहते आणि वाघ, म्हणजे बिबट्या, लांब राहतो. गाणी वाजत होती, गाण्यांमागून कीर्तन लागलं, आणि कीर्तन संपल्यावर मोबाइलनं आपल्या मनानंच पुढचं लावलं. गळ्यात मफलर, मागे घरची तुळस, आणि आवाज संपतचा. बायका हसल्या. घरचाच माणूस म्हणून अश्विनीनं आवाज आणखी वाढवला. संपतनं कवितेचं नाव सांगितलं, 'स्टँडवरची लक्ष्मी', आणि म्हणायला लागला:

बैलाच्या वाटची दोन अंडी लेकीच्या ताटात पडली,
धनी बोलला रागानं, लक्ष्मी घराबाहेर पडली.
तापातली लेक मागं ठेवून ओतूरच्या स्टँडवर बसली,
जुन्नरची गाडी आली आणि बघता बघता भरली.
पाय उचलला, पण उंबऱ्यानं पदर तिचा धरला,
कडू बोलणाऱ्या धन्याचा गोड जीव तिला आठवला.
सांजेला परतली लक्ष्मी, चुलीत जाळ झाला,
तिच्यापायी माझ्या घरचा उंबरा पावन झाला.

दुसऱ्या ओळीलाच हसणं थांबलं. दोन वर्षांमागे असंच लागणीला बसलेलं असताना वैजयंतीनं हे सांगितलं होतं, आणि त्या दिवशी बसलेल्या सगळ्याजणी कालही तिथंच होत्या. वैजयंतीनं हातातली जुडी लावून संपवली. मग उठली, पाटात हात धुतले आणि स्वतःचं रान, स्वतःची लागण अर्धी टाकून घरी निघून गेली. अंजनाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्यांनी उरलेले वाफे लावले, आणि अंधार पडायच्या आत आपापल्या वाटेनं गेल्या.

आता अंजना एकटीच ओणवी होऊन लावायला लागली. दीड वाफा झाला असेल, तोच तेजस्विनी धावत आली आणि आधी तिच्यावरच ओरडली. "आई, एकटी बसलीस? उसाला पाठ करून? डोकं फिरलंय का तुझं?" मग दम खात म्हणाली, "चल वर. नानांनी सगळ्यांना घरी बोलावलंय. पप्पांना दुकानातून उठवून आणलंय त्यांनी. लई तापलेत."

अंजना उठली. नाना म्हणजे थोरले दीर, रामनाथ. ते तापणारच होते. त्यांच्याविषयी तिला काहीही वाटत नव्हतं. ती चालली होती ती वैजयंती तिथं असेल म्हणून.

*

रामनाथला सकाळी ओतूरच्या टपरीवर कोणीतरी विचारलं होतं, "शेठ, यंदा अंडी कोणाला? बैलाला का पोरीला?" सगळी टपरी हसली. आपल्यालाही बैलगाड्याचा काही विनोद कळला असं दाखवून रामनाथही हसला. मग शेजारच्यानं त्याच्या कानात समजावून सांगितलं, आणि आपण हसलो होतो ह्याचीच त्याला जास्त आग झाली.

वयाच्या विसाव्या वर्षापासून त्यानं शर्यतीचे बैल सांभाळले होते. बंदीच्या काळातही विकले नाहीत. त्याच्या गाड्याची बारी सुटली की शर्यतीच्या घाटावर माणसं उठून उभी राहायची. बैलाला सकाळी दूध, अंडी, हरभऱ्याचं पीठ, आणि ते आधी, मग माणसांचं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? तालुक्यात सगळे गाडामालक हेच करतात. पण तेच कवितेत घालून म्हटलं की माणूस राक्षस दिसतो, आणि हे करणारा सख्खा भाऊ.

विहिरीच्या वाटणीवरून दोघा भावांचं जेवणखाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी संपत बोलावल्यावर आला. ओट्याला टेकून, मफलर हातात घेऊन उभा राहिला. दाराशी खुर्चीत सोनीबाई, दोघांची आई, बसली होती. अंजना आणि तेजस्विनी आल्या आणि भिंतीशी थांबल्या. वैजयंती समोर नव्हती. गोठ्यातून शेण ओढल्याचा आवाज येत होता.

रामनाथनं बोलायला सुरुवात केली ती थेट बापापासून. बापानं तुला शिकवलं, मला बैलामागं लावलं, वाटणीत रस्त्याकडचं रान तुला दिलं, आणि तू त्याची परतफेड अशी केलीस. घरातलं भांडण चार भिंतींत मिटवायचं असतं. तू ते सगळ्या दुनियेला वाचून दाखवलंस.

"दादा, त्यात कुठंबी तुझं नाव न्हाई," संपत म्हणाला.

"नाव न्हाई? बैल हाय, अंडी हायेत, लेक हाय, वर लिवनारा सख्खा भाऊ. आता काय माझं आधार कार्ड जोडायचं राहिलंय का?"

संपतलाही राग आला. त्याचं म्हणणं, बायांचं दुःख कोणी मांडत नाही, तो मांडतो. सदतीस हजार लोकांनी ही कविता पुढं पाठवली. नगरच्या एका बाईनं लिहिलं, ऐकून रडले. रामनाथ म्हणाला, नगरच्या बाईनं रडावं, तिला कोण नको म्हणतंय, पण मी उद्या घाटात तोंड कसं दाखवू? सोनीबाई मध्ये पडली, तर रामनाथ तिच्यावरही ओरडला, की तूच ह्याला लहानपणी गाणी शिकवलीस. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि मग दोघेही भाऊ एकदमच तिला गप राहायला म्हणाले.

तेवढ्यात तेजस्विनीनं विचारलं, "नाना, तुम्ही ऐकलीय का पण ती?"

रामनाथनं ऐकली नव्हती. त्याला टपरीवरच्यानं अंड्यांपर्यंतच सांगितली होती.

"लाव," तो म्हणाला.

तेजस्विनीनं लावली. पहिल्या दोन ओळींना रामनाथचे जबडे आवळलेलेच होते. गाडी भरली तिथं तो जमिनीकडे पाहायला लागला. मग उंबऱ्यानं पदर धरला, आणि त्यानं मान वर केली. कविता संपल्यावर म्हणाला, "शेवटचं परत लाव."

तेजस्विनीनं परत लावलं. कडू बोलणाऱ्या धन्याचा गोड जीव तिला आठवला. रामनाथनं ते नीट ऐकलं. ती बया स्टँडवर गेली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. जनावराचं औषध आणायला गेले होते एवढंच तिनं सांगितलं होतं. पण गेली तर गेली. परत आली, आणि आली ती कोणासाठी, हे आज त्याला सदतीस हजार लोकांच्या साक्षीनं कळत होतं. टपरीवरच्या लोकांनी हा शेवट ऐकला असेल का, असं त्याच्या मनात आलं. ऐकवायला पाहिजे होता.

"शेवट बरा केलाय," तो म्हणाला. "हे बरूबर लिवलंय."

"ग्वाड लिवलंय माझ्या लेकरानं," सोनीबाई म्हणाली. "घराचं नाव राखलं म्हना की."

*

संपतला सुटल्यासारखं झालं. भाऊ असा मवाळ बोललेला त्यानं बापाच्या दशक्रियेनंतर ऐकला नव्हता. तो पुढे झाला. येत्या रविवारी ओतूरला एक साहित्य मंडळ त्याचा सत्कार करणार होतं, शाल, श्रीफळ, आणि ह्याच कवितेचं वाचन. त्याला आत्ताच सुचलं आणि त्यानं ते लगेच बोलून टाकलं: दादानं आणि वहिनींनी स्टेजवर बसावं. कविता झाल्यावर मी सांगेन, हीच ती दोघं. माणसं उभी राहून टाळ्या वाजवतील. टपरीवरचे सगळे तिथं असतील, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

रामनाथ म्हणाला, नको रे, आपल्याला काय स्टेजवर शोभतंय. पण ते त्यानं मनापासून म्हटलं नाही. फेटा बांधावा लागेल का, असं त्यानं पुढच्याच वाक्यात विचारलं. संपत म्हणाला, बांधायचाच. सोनीबाईला घेऊन जायचं ठरलं, गाडी कोणाची सांगायची ते ठरलं. विहिरीवरून वर्षानुवर्षं एकमेकांच्या ताटाला न शिवलेले दोन भाऊ, एका खोट्या शेवटावर अंजनाच्या डोळ्यांदेखत एक झाले.

तिचं डोकं फिरलं.

"मी असं सांगितलं न्हवतं," ती म्हणाली.

कोणाला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, आता नवऱ्याकडे पाहून. "मी तुमाला सांगितलं ते दादांनी अक्काला मारलं म्हनून. पितळी फेकून मारली, कानशिलावर. तुमी त्याचं 'धनी बोलला' केलं. आन परत का आली ते तर तिनं वाफ्यात सांगितलंच न्हवतं. नुसती हसली आन आले बाई परत म्हनाली. उंबरा, गोड जीव, हे कुठनं आनलं तुमी?"

"कविता हाय ती," संपत दबक्या आवाजात म्हणाला. "लोकांना शेवटाला काहीतरी लागतं. नुसतं मारलं म्हनून सोडलं असतं तर कोणी पुढं पाठवली असती का? आन दादालाच किती लागलं असतं, त्याचा तर विचार कर."

"अंजने, तू गप," रामनाथ म्हणाला. "भावाभावात बायांनी पडू नये."

गोठ्यातलं शेण ओढणं थांबलं होतं. वैजयंती दारातून आली, कोपरापर्यंत हात माखलेले, पदर कमरेला. ती दोन्ही भावांना ओलांडून अंजनासमोर येऊन उभी राहिली.

"तूच सांगितलंस ना?"

"हो अक्का."

"काल रात्री माझ्या मोहिनीचा फोन आला. पारगावला तिच्या बचत गटात लावली व्हती म्हनं ही कविता. अंड्यावरनं वळखली तिनं. आठ वर्षांची व्हती, पर अंडी कशी विसरंल. मला इचारलं, आई, तू मला तापात टाकून चालली व्हतीस का? मी काय सांगायचं? इतकी वर्षं तिला वाटत व्हतं आई औषधाला गेली. मी हो म्हनले. तिनं फोन ठेवला. सकाळपासून करतीय, उचलंना."

अंजनाला रडू आलं आणि त्याचाही राग आला. रडून ह्या बाईपुढं आपण आणखी काही मागतोय असं दिसलं असतं. ती म्हणाली, चुकलं अक्का. वैजयंतीनं ते ऐकलं आणि तसंच सोडून दिलं.

तेजस्विनीला वाटलं, आता आपणच काही करायला पाहिजे. शूट तिनं केलं होतं, टाकली तिनं होती, आणि वडिलांनी रचलेलं आहे असं समजून टाकली होती. ती मोबाइल घेऊन पुढे आली. म्हणाली, मोठ्या आई, तुम्हीच सांगा खरं काय झालं ते. तुमच्या तोंडून. मी घेते, लगेच टाकते, सगळ्यांना कळू दे. मोहिनीताईलाही कळेल.

"ठेव ते खाली," वैजयंती म्हणाली.

"अहो, पण तुमची बाजू..."

"तुला आन तुझ्या बापाला दुसरं काय येतं का न्हाई? एकानं इचारायचं आन एकानं टाकायचं. मी काय बाजारात बसलीय का? ठेव म्हनले ना खाली."

तेजस्विनीचा चेहरा पडला. तिनं मोबाइल हातातच धरून, सगळ्यांसमोर, वडिलांचं पान उघडलं आणि ती कविता काढून टाकली. संपत ओरडला. सदतीस हजार, तो म्हणाला, तुला काय कळतं का. आणि गंमत म्हणजे रामनाथही ओरडला. राहू द्यायची होती, शेवट चांगला होता. काढून काय उपयोग, टपरीवरच्यांना आता अर्धीच आठवणार.

"काढून काय उपयोग, ते खरंय," वैजयंती म्हणाली. "माझ्या पोरीच्या डोक्यातनं कोण काढणार हाय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आन तुमाला शेवट आवडला, न्हाई का? गोड जीव. फेटा बांधून बसनार व्हता तुमी."

"वैजे, झालं ते झालं."

"न्हाई झालं. ऐका. मोहिनीला नेलं न्हाई, कारन माझा भाऊ एकीला ठेवील, दोघींना ठेवनार न्हाई, हे मला पक्कं म्हाईत व्हतं. म्हनून टाकून निघाले. मी आई असून निघाले, ते माझं मला म्हाईत, मी कोनाला सांगायला आले न्हवते. गाडीत चढले. खिडकीशी जागा घेतली. कंडाक्टर तिकिटाला आला आन मला आठवलं, पोरीची दुपारची गोळी राहिलीय. ती गोळी कुठं ठेवलीय हे घरात एकाबी मानसाला म्हाईत न्हवतं. बैलाचा खुराक कुठं, कुठल्या डब्यात, किती, ते झोपेत इचारलं तरी सांगितलं असतं तुमी. गोळी म्हाईत न्हवती. म्हनून उतरले. दुधाच्या टेंपोत बसून आले. उंबऱ्यासाठी न्हाई आन तुमच्यासाठी तर न्हाईच न्हाई. तुमाला गोळी म्हाईत असती ना, तर मी गेलेच व्हते."

रामनाथ काहीतरी म्हणायला गेला. त्याला म्हणायचं होतं की तेव्हा सांगितलं असतंस तर. पण गोळी कुठं होती हे त्याला अजूनही माहीत नव्हतं, आणि हे कळल्यावर तो तिथंच ओट्यावर बसला.

अंजनाचं लक्ष मात्र नवऱ्याकडे गेलं. संपतचे डोळे पाण्यानं भरले होते. मान जराशी तिरकी झाली होती. आणि ओठ हलत होते, अगदी थोडे, आवाज न करता. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळी जवळ बसून, सांग, म्हणणारा. ह्याच चेहऱ्याला ती इतकी वर्षं माया समजत आली होती.

"काय जुळवताय?" तिनं विचारलं.

"काय? कुठं काय?" तो दचकला. मग त्याच्यानं राहवलं नाही. "न्हाई, पण वहिनी, हे गोळीचं... हे लई मोठं हाय. हे आधी कळलं असतं तर मी तो शेवट केलाच नसता. रविवारी हेच वाचतो. दादा, तुझं नाव न्हाई येनार, शब्द देतो."

अंजनानं त्याच्या हातातला मफलर ओढून घेतला आणि चिखलात फेकला. इतकं आणि एवढंच तिच्या हातून झालं. तिला त्याहून बरंच काही करायचं होतं. "एक अक्षर लिवलंत," ती म्हणाली, "तर मी रविवारी तिथं येऊन सांगीन, की ह्या मानसाला बायकोच्या तोंडातलं काढून घेता येतं, बाकी कायबी येत न्हाई. स्टेजवर येऊन सांगीन."

वैजयंती तेवढ्यात परत गोठ्याकडे वळली होती. अंजना तिच्यासाठी नवऱ्याशी भांडली, हे तिनं ऐकलं की नाही, ते तिच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या.

पुढे वैजयंती, मागे अश्विनी आणि बाकीच्या, खुरपी, डबे, डोक्याला टॉवेल, नेहमीसारख्या. अंजनाला उसाच्या वळणावर त्या दिसल्या. तिनं चहा केला. त्यांनी घेतला. रोप थोडं मलूल झालं होतं, वाफ्यांना पुन्हा पाणी द्यावं लागलं. मग सगळ्या बसल्या आणि लागण सुरू झाली. कामात कोणी कसूर केली नाही. वैजयंतीचा हात सगळ्यांत पुढे होता.

फक्त कोणी बोलत नव्हतं.

अंजनानं वाट पाहिली. पहिला वाफा झाला, दुसरा झाला. एरवी पहिल्या जुडीलाच कोणीतरी सासूचा विषय काढायची. आज रोप इकडे सरकव, पाणी बंद कर, एवढंच. अंजनाला वाटलं, आपणच सुरुवात करावी, आपलंच द्यावं काहीतरी. ती मान खाली घालून म्हणाली, की काल मी त्यांना जेवायला वाढलं नाही, मी त्यांच्याशी बोलत नाही, मला त्यांचं तोंड बघवत नाही. आजवर तिनं लागणीला बसून स्वतःच्या नवऱ्याविषयी वाईट कधी सांगितलं नव्हतं. तिचा नवरा चांगला होता, विचारपूस करणारा. आता तिनं सगळं सांगितलं. कोणीतरी हं म्हणेल म्हणून थांबली. अश्विनीनं हात पदराला पुसला आणि मोबाइलचा आवाज वाढवला.

दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा भाजी एकमेकींना वाढली गेली. अंजनालाही वाढली. त्यात काही कमी नव्हतं, आणि त्यानंच तिला जास्त लागलं. मोहिनीचा फोन लागला का, असं तिनं वैजयंतीला विचारलं. वैजयंतीनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू हे उत्तर कुठपर्यंत जाईल ते मोजत होती. मग पाणी प्यायली.

ऊन उतरता उतरता शेवटचा वाफा झाला. वैजयंतीनं पाटात हात धुतले, टॉवेल झटकला.

"परवा माझ्यात बसली व्हतीस, त्याचा दिवस फिटला," ती म्हणाली. "आता बरूबर झालं."

अंजना उभी होती तिथंच राहिली. सावड कोणी अशी बरोबर करत नाही. कोणाचा तरी एक दिवस कोणाकडे राहू द्यायचा असतो, मुद्दाम, म्हणजे पुढच्या साली बोलावणं करावं लागत नाही, येणं होतंच. परक्या बाईशीच असं दिवसाला दिवस मिटवून मोकळं होतात. ती म्हणाली, "अक्का, पुढच्या साली?"

"पुढच्या साली टोळी सांग," वैजयंती म्हणाली. तिच्या आवाजात काल होता तो राग नव्हता. राग असता तर अंजनाला काहीतरी धरायला मिळालं असतं.

बायका गेल्या. अंजनानं डबा, पातेलं, गोणपाट गोळा केलं आणि घरी आली. संपत ओट्यावर बसला होता. रविवारचं त्यानं फोन करून रद्द केलं होतं, असं त्यानं तिला सांगितलं. ते खरं असावं. तिनं हातपाय धुतले. तो तिच्या मागं आत आला आणि नेहमीच्या जागी, तिच्याजवळ, बसला. बायका आल्या होत्या का, वहिनी काय म्हणाल्या, रागात होत्या का अजून. लिहिणार नाही, तो म्हणाला, आईची शपथ, नुसतं विचारतोय. सांग.

दिवसभर तिच्या छातीत जे साठलं होतं ते सांगायला ह्या घरात, ह्या गावात आता हा एकच माणूस उरला होता.

"लागण झाली," अंजना म्हणाली, आणि पीठ मळायला घेतलं.